नऊ फुटांवरून ४के दिसतं का?

दुसरी_गल्ली

मंडळी, टीव्ही बदलायचा आहे. सध्या ३२ इंची एचडी रेडी आहे आणि तो अजून ठणठणीत चालतोय, हीच अडचण आहे. घरात मंजुरी मिळवायची तर कारण लागतं.

हॉल लहान आहे. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरून मोजलं, बरोबर नऊ फूट. मुख्य वापर सिनेमे, बहुतेक १०८०पी, म्हणजे फुल एचडी (१९२०×१०८० ठिपके, अर्थात पिक्सेल): थोडे ओटीटीवर, थोडे हार्ड डिस्कमध्ये जपून ठेवलेले. संध्याकाळी सात ते दहा आईच्या मालिका.

दुकानात ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) शेजारीशेजारी लावले होते. मी दोन फुटांवर उभा होतो, तिथून फरक दिसत होता. मागे सरकत गेलो तसा तो कमी होत गेला आणि वॉशिंग मशीनला पाठ टेकली तेव्हा जवळजवळ गेलाच. विक्रेता म्हणाला, "सर, आता फुल एचडी कोण घेतं?" हे काही उत्तर नव्हे.

तर प्रश्न असा. सिनेमाच १०८०पी असेल तर ४के पॅनेल घेऊन उपयोग काय? आणि सिनेमा ४के असला, तरी नऊ फुटांवरून ते कळतं का? कृपया ब्रँड सुचवू नयेत, त्यासाठी ढीगभर धागे आहेत.

पिक्सेलप्रेमी

कळतं. शंभर टक्के कळतं. माझ्याकडे आधी ४० इंची फुल एचडी होता, दिवाळीत ५५ इंची ४के घेतला. नायकाच्या दाढीचा केस न् केस मोजता येतो. उगाच गणितं करत बसू नका, घेऊन टाका.

खडूस_काकू

४० वरून ५५ वर गेलात म्हणजे चित्राचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. शिवाय पॅनेल नवीन, प्रोसेसर नवीन. आणि श्रेय सगळं ४के ला! तीन गोष्टी एकदम बदलल्यावर फरक कशामुळे पडला हे कसं ठरवलंत?

पिक्सेलप्रेमी

काकू, डोळ्यांनी ठरवलं.

चाळिशीचा_नंबर

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर माझा पेशा कामाला येऊ दे. दिवसभर लोकांना तो अक्षरांचा तक्ता वाचायला लावणं हेच माझं काम.

आपण ज्याला ६/६ नजर म्हणतो तिचा अर्थ असा, की एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा तपशील डोळ्याला सुटा दिसतो. म्हणजे टीव्हीने डोळ्यासमोरच्या दर अंशात ६० पिक्सेल बसवले, तर अशा डोळ्याला पुढचे पिक्सेल वेगळे दिसायचं कारण नाही. यावरून घरगुती सूत्र निघतं: टीव्हीचे इंच गुणिले ०.१३ केलं की फुल एचडीसाठीचं अंतर फुटांत मिळतं. त्या अंतराच्या मागे बसलात तर फुल एचडीचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, ४के चे जादा पिक्सेल वाया.

४३ इंचांना हे अंतर येतं साधारण साडेपाच फूट. ५५ ला सात, ६५ ला साडेआठ. तुम्ही नऊवर बसता. या हिशेबाने ६५ इंचांपर्यंतही तुम्हाला फुल एचडी पुरतं.

आणि जाता जाता: नंबर बदललेला असताना जुनाच चष्मा लावून सिनेमा बघणारे खूप आहेत. त्यांनी आधी तेवढे पैसे खर्च करावेत, टीव्हीचं नंतर बघू.

दुसरी_गल्ली

म्हणजे विषय संपला? फुल एचडी घेऊन मोकळा होऊ?

आळशी_अभियंता

थांबा, इतक्यात नको. ६/६ ही 'नॉर्मल' नजरेची खूण आहे, डोळ्याची कमाल मर्यादा नव्हे. तरुण डोळे योग्य चष्म्यासह त्या तक्त्यावरच्या खालच्या ओळीही सर्रास वाचतात. चाळिशीचा_नंबर हे मान्य करतील.

२०२५ च्या ऑक्टोबरात केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा (फेसबुकवाली कंपनी) यांच्या संशोधकांचा एक अभ्यास 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. त्यांनी स्क्रीन पुढेमागे सरकवत लोकांना बारीक रेषांचे नमुने दाखवले आणि रेषा नेमक्या कुठे दिसेनाशा होतात ते मोजलं. काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी मर्यादा निघाली अंशाला ९४ पिक्सेल, ६० नव्हे. लाल-हिरव्यासाठी ८९, आणि पिवळ्या-जांभळ्यासाठी फक्त ५३.

आता धागाकर्त्यांच्या नऊ फुटांवर हिशेब मांडतो. पडद्याच्या मध्यभागी अंशाला किती पिक्सेल येतात:

३२ इंची एचडी रेडी (१३६६×७६८): ९२
४३ इंची फुल एचडी: ९७
४३ इंची ४के: १९० च्या वर
५५ इंची फुल एचडी: ७६
५५ इंची ४के: १५० च्या वर

म्हणजे ४३ इंचांत, नऊ फुटांवर, नव्या कडक मोजमापानेही फुल एचडी पुरून उरतं. तिथे ४के ला जादा पैसे देण्यात अर्थ नाही. ५५ इंचांत मात्र फुल एचडी ९४ च्या खाली जातं, त्यामुळे चांगल्या नजरेला ४के चा थोडा फायदा दिसू शकतो. 'थोडा' हा शब्द जपून वापरलाय. ते नमुने म्हणजे अगदी उठावदार काळ्या-पांढऱ्या रेषा होत्या. सिनेमात अंधाऱ्या खोलीत हलणारा चेहरा असतो.

पिक्सेलप्रेमी

बघा! ५५ ला फायदा आहे म्हणतायत. केंब्रिज माझ्या बाजूने आहे.

खडूस_काकू

'थोडा' आणि 'केस न् केस' यांच्यात बरंच अंतर आहे हो. नऊ फुटांपेक्षा जास्तच.

पण मला या तक्त्यात पहिली ओळ जास्त रंजक वाटली. धागाकर्त्यांचा जुना एचडी रेडीसुद्धा ९२ वर आहे. म्हणजे सोफ्यावर बसून त्यांना आज पिक्सेल जवळजवळ दिसतच नाहीयेत! मग त्यांना टीव्ही बदलावासा का वाटतोय?

दुसरी_गल्ली

कारण चित्र छोटं दिसतं, काकू. सबटायटल वाचायला पुढे झुकावं लागतं.

रीळमास्तर

हेच. त्यांना पिक्सेल कमी पडत नाहीयेत, इंच कमी पडतायत. दुकानात मात्र पिक्सेल विकले जातात, कारण इंच वाढवायचे तर ग्राहकाच्या भिंतीचा प्रश्न येतो.

मी बरीच वर्षं मुंबईत डीआयच्या कामात होतो, म्हणजे शूटिंग झाल्यावर सिनेमाचे रंग जुळवून अंतिम प्रत बनवायची ती पायरी. तिथून दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

पहिली, थिएटरची. डिजिटल सिनेमाच्या मानकात २के म्हणजे २०४८×१०८०. आडव्या ओळीत तुमच्या फुल एचडीपेक्षा फक्त १२८ पिक्सेल जास्त. आपल्याकडच्या पुष्कळ थिएटरांत अजून २के प्रोजेक्टर आहेत. पडदा चाळीस फूट रुंद धरा आणि चाळीस फुटांवरची खुर्ची धरा. अभियंतासाहेबांच्या पद्धतीने अंशाला येतात ३६ च्या आसपास पिक्सेल. तुमच्या हॉलमधला जुना एचडी रेडी याच्या अडीचपट बारीक चित्र दाखवतो! तरी थिएटरमधून बाहेर पडताना "चित्र धुरकट होतं" असं कुणी म्हणत नाही. अंधार असतो, पडदा डोळे भरून असतो, रंग नीट लावलेले असतात. डोळ्याला समाधान यातून मिळतं.

दुसरी, सिनेमाचीच. २०१० मध्ये ॲरी कंपनीचा ॲलेक्सा कॅमेरा आला आणि जगभरातल्या छायालेखकांनी तो उचलला. त्या पहिल्या ॲलेक्साच्या सेन्सरची १६:९ मधली रुंदी २८८० पिक्सेल होती. ४के नव्हेच. नेटफ्लिक्सने स्वतःच्या निर्मितीसाठी ४के कॅमेऱ्याची अट घातली तेव्हा हा लाडका कॅमेरा यादीबाहेर राहिला, त्यावरून आमच्या धंद्यात बरीच धुसफूस झाली. आणि कॅमेरा काहीही असो, वर्षानुवर्षं ढिगाने सिनेमे २के मध्येच पूर्ण केले गेले. व्हीएफएक्स (संगणकावर बनवलेली दृश्यं) भरपूर असलेले तर विशेषकरून, कारण ४के फ्रेम म्हणजे चौपट पिक्सेल रेंडर करा, चौपट साठवा. असा सिनेमा ओटीटीवर '४के' बिल्ला लावून येतो तेव्हा ते २के चं ताणलेलं चित्र असतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

उलट जुन्या फिल्मवरचे सिनेमे. ३५ मिमीची निगेटिव्ह चांगली राहिली असेल तर तिच्यात ४के स्कॅन करण्याजोगा तपशील असतो. २०२५ साली 'शोले'ची ४के मध्ये संवर्धित केलेली प्रत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. १९७५ चा सिनेमा ४के ला लायक, आणि २०१५ चा एखादा नाही, असंही होतं.

तिसरी गोष्ट, जी दुकानात कधीच कुणी सांगत नाही. बहुतेक मोठे सिनेमे स्कोपमध्ये असतात, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या यामुळे. १०८० ओळींपैकी चित्राला मिळतात साधारण ८०३. धागाकर्त्यांच्या ७६८ ओळींच्या टीव्हीवर उरतात ५७२. डीव्हीडीच्या ५७६ होत्या! आणि ४३ इंची टीव्हीवर स्कोप चित्राची उंची भरते जेमतेम ४० सेंटीमीटर. ५५ वर ५१. माझ्या मते निर्णय या ११ सेंटीमीटरवर करावा.

दुसरी_गल्ली

रीळमास्तर, हे कुणी आधी का नाही सांगितलं! मी ४३ मध्येच अडकलो होतो. पण नऊ फुटांवर ५५ डोळ्यांवर येणार नाही का? आई म्हणते डोळे बिघडतील.

चाळिशीचा_नंबर

आईंना सांगा, मोठ्या टीव्हीने नंबर वाढत नाही. अंधाऱ्या खोलीत भगभगीत स्क्रीन बघून डोळे थकतात, ते वेगळं. मागच्या भिंतीवर मंद दिवा ठेवा. सिनेमा-टीव्ही अभियंत्यांच्या संघटनेची, एसएमपीटीईची शिफारस अशी की चित्राने नजरेचा ३० अंशांचा कोन व्यापावा. नऊ फुटांवर त्यासाठी टीव्ही लागतो ६६ इंची. ५५ त्यामानाने सोवळाच म्हणायचा.

काऊंटरवाला_कोल्हापूर

दुकानदाराची बाजूपण ऐकून घ्या की. सगळ्यांनी विक्रेत्याला धुतलंय वर.

एक, ५० इंचांपासून वर फुल एचडी मागितलं तरी मिळत नाही. कंपन्या बनवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ४३ मध्ये दोन्ही मिळतात, ३२ मध्ये बहुतेक एचडी रेडी. म्हणजे ५५ ठरलं की ४के आपोआप येतंय, त्यावर डोकं चालवायची गरजच नाही. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुने भाव डोक्यात धरून बसला असाल तर परत विचारा.

आता खरी गंमत सांगतो. गिऱ्हाईक फोन करतंय, "४के घेतला पण चित्र जुन्यापेक्षा घाण दिसतंय, बदलून द्या." पोरगं पाठवतो घरी. दहातल्या निम्म्या घरांत काय असतंय माहितीये? टीव्ही नवा, सेट टॉप बॉक्स एचडी, चॅनलचे पैसे एचडीचे भरतायत, आणि मागे जोडलीये लाल-पिवळी-पांढरी वायर! बसवणाऱ्याकडं एचडीएमआय केबल नव्हती, किंवा भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागं हात जाईना, म्हणून त्यानं जुनीच वायर खोचली. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. ५७६ ओळींचं चित्र ८३ लाख पिक्सेलांच्या पडद्यावर पसरतंय, मग घाण दिसणारच की. पोरगं साधी एचडीएमआय केबल लावतंय, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८० करतंय, गिऱ्हाईक म्हणतंय "आता कसं!" चहा पाजतंय.

तेव्हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांनी आज घरी गेल्यावर टीव्हीमागं एकदा डोकावून बघा.

मोगरा_पुणे

काऊंटरवाला_कोल्हापूर +१०००. आत्ता उठून बघितलं. पिवळी वायर आहे. तोंडातून शब्द फुटेना. माहेरी फोन केलाय, तिथेही बघायला सांगितलंय.

मोगरा_पुणे

दोनदा पडला. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

फ्रिमाँटकर

इकडे कॅलिफोर्नियात बसून गेली काही वर्षं ब्लू-रे (एचडी सिनेमांच्या डिस्क) जमवण्याचा नाद आहे, म्हणून दोन शब्द. सगळे पॅनेलच्या पिक्सेलांवर बोलतायत, आणि त्या पिक्सेलांत भरायला माल किती येतो ते मागेच राहिलं.

१०८०पी, सेकंदाला २४ फ्रेम, काहीही न दाबता पाठवायचं म्हटलं तर नेहमीच्या ८ बिट रंगात सेकंदाला जवळजवळ ६०० मेगाबिट लागतील. साध्या ब्लू-रेवर चित्रासाठी कमाल ४० मेगाबिट मिळतात. नेटफ्लिक्स १०८०पी साठी इंटरनेटचा वेग मागतं ५ मेगाबिट, ४के साठी १५. म्हणजे ओटीटीचा फुल एचडी सिनेमा शंभरपटीहून जास्त दाबलेला असतो. कोडेक (चित्र दाबण्या-उलगडण्याच्या पद्धती) हुशार झालेत, एरवी कळत नाही. कळतं कुठे? धुकं, पाऊस, पाण्याखालचा शॉट, अंधारात विझत जाणारा कंदील. तिथे भिंतीवर चौकोनी डाग आणि पायऱ्या दिसायला लागतात. हे डाग पिक्सेलपेक्षा कितीतरी मोठे असतात, नऊ काय पंधरा फुटांवरूनही दिसतात.

माझ्याकडे एकाच सिनेमाची १०८०पी ब्लू-रे आहे आणि ओटीटीवर ४के. अंधाऱ्या प्रसंगांत ब्लू-रे स्वच्छ दिसते. भर उन्हातल्या प्रसंगात ओटीटी बाजी मारतं, पण ती एचडीआरमुळे, म्हणजे उजेडाला आणि रंगांना मिळणाऱ्या जादा वावामुळे.

धागाकर्त्यांच्या हार्ड डिस्कमधल्या फाइली किती जीबीच्या आहेत? दोन तासांचा '१०८०पी' सिनेमा दीड जीबीत बसवला असेल तर तो सेकंदाला दोन मेगाबिटांच्या आत आहे. त्याला १०८०पी म्हणायचं ते नावापुरतं.

दुसरी_गल्ली

दीड-दोन जीबीच आहेत. त्या कुठून आल्या ते विचारू नका.

मोगरा_पुणे

अशाच नावापुरत्या एचडीचा आणखी एक नमुना. जुने मराठी सिनेमे यूट्यूबवर 'फुल एचडी' लिहून टाकलेले असतात. त्यातले बरेच व्हीसीडीवरून उचललेले वाटतात. व्हीसीडी म्हणजे ३५२×२८८. ते ताणून १०८० केलं की बिल्ला लागतो, चेहरे मेणाचे होतात. आमच्या ३२ इंचीवर ते खपून जायचं, सासऱ्यांच्या ५५ वर बघवत नाही. मोठा टीव्ही घेताना हेही धरा, खराब माल मोठ्या पडद्यावर जास्त खराब दिसतो.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या सिनेमांचं ४के स्कॅनिंग आणि संवर्धन चालू आहे, त्यातून चांगल्या प्रती लोकांपर्यंत पोचतील तेव्हा खरं.

आणि ओटीटीचं म्हणाल तर आधी आपला प्लॅन बघा! आमच्याकडे ४के टीव्ही असलेल्या नातेवाइकांकडे नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन निघाला. त्याला ७२०पी मिळतं. स्टँडर्डला १०८०, ४के फक्त प्रीमियमला. टीव्हीला लाखभर आणि प्लॅनमध्ये काटकसर.

आळशी_अभियंता

त्यात भर. टीव्हीत किंवा त्याला जोडायच्या ओटीटी स्टिकमध्ये वाइडवाइन एल१ नावाची परवानगी नसेल तर पैसे भरूनही एचडी मिळत नाही, ॲप चित्र खाली उतरवतं. स्वस्त अनोळखी अँड्रॉइड बॉक्समध्ये हा घोळ नेहमीचा. आणि ४के साठी वाटेतल्या प्रत्येक डब्याला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) चालायला हवं. जुन्या साउंडबारमधून केबल फिरवून आणली की साखळी तिथे तुटते.

पिक्सेलप्रेमी

मंडळी, एवढं सगळं मान्य. पण मला माझ्या टीव्हीवर फरक दिसतो, आणि तो नुसता आकाराचा नाही. परवा बायकोने विचारलं, या सूर्यास्तात एवढे रंग कुठून आले? जुन्या टीव्हीवर तोच सिनेमा बघितला होता. हे कशात बसतं?

रीळमास्तर

तुम्हाला दिसतंय ते खरंच आहे, पिक्सेलप्रेमी. त्याचं नाव एचडीआर. साध्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, एचडीआरमध्ये १० बिट म्हणजे १०२४. सूर्यास्ताच्या आकाशात पट्टे पडत नाहीत ते यामुळे. शिवाय उजेडाला जागा जास्त: आम्ही बहुतेकदा १००० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) धरून रंग लावतो. गंमत अशी की ओटीटीवाले एचडीआर बहुतेक ४के च्याच प्लॅनबरोबर देतात, त्यामुळे लोकांना वाटतं हा ४के चा प्रताप. माझं स्पष्ट मत, १०८०पी मध्ये चांगलं एचडीआर मिळत असतं तर नऊ फुटांवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ४के मागितलं असतं.

पण खोक्यावर 'एचडीआर' लिहिलंय म्हणून भुलू नका. स्वस्त पॅनेल २५०-३०० निट्सवर दमतात. ते एचडीआरचा सिग्नल घेतात, दाखवायची ताकद नसते, आणि चित्र उलट काळवंडतं. अशा टीव्हीवर एचडीआर बंद ठेवलेलं बरं.

धागाकर्ते, दुकानात एकच परीक्षा करा. रात्रीचा प्रसंग लावायला सांगा आणि वर-खालच्या काळ्या पट्ट्या बघा. त्या करड्या दिसल्या तर पुढचं काही बघू नका. एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) असतो हजारास एकच्या आसपास, व्हीए पॅनेलचा त्याच्या तिप्पट-चौपट. व्हीए बाजूला बसणाऱ्याला फिकं दिसतं, पण सोफा समोर आहे तर व्हीएच घ्या. ओलेडमध्ये काळा म्हणजे पिक्सेल चक्क बंद, पण त्याचं बजेट वेगळं.

काऊंटरवाला_कोल्हापूर

रात्रीचा प्रसंग लावा म्हटलं तर आमच्यातले निम्मे लोक पळतील हो. दुकानात ट्यूबलाइट, टीव्ही 'व्हिविड' या भडक सेटिंगवर, आणि डेमोत मोर, फुलं, स्ट्रॉबेरी. अंधार कुठं दाखवतोय आम्ही?

खडूस_काकू

घ्या, कबुलीजबाब आला. 😄

अवांतर: नवीन टीव्हीवर सगळे सिनेमे मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात, त्याचं काय करायचं? भाचीकडे एक जुनी रहस्यपट बघत होतो, खून झाला तोसुद्धा लाइव्ह प्रक्षेपण असल्यासारखा.

आळशी_अभियंता

सिनेमा २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घालतो. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं: मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस. सगळं बंद करा. नवीन टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर एका झटक्यात काम होतं. २०१९ मध्ये दिग्दर्शकांच्या तक्रारींनंतर टीव्ही आणि सिनेमा कंपन्यांच्या यूएचडी अलायन्स या गटाने तो आणला. आधी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. चार दिवस धीर धरा, नंतर व्हिविड बघवणार नाही.

फ्रिमाँटकर

बाहेरून प्लेअर किंवा स्टिक जोडलीत तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टची 'एन्हान्स्ड' की काय ती सेटिंग चालू करा, नाहीतर एचडीआर येतच नाही. अनेक टीव्हींत ती बंद असते.

दुसरी_गल्ली

सर्वांचे आभार, इतकं खोलात जाईल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं: ४३ इंची रद्द. ५५, व्हीए पॅनेल. ४के येतंय तर येऊ दे. हॉलमध्ये भिंतीची रुंदी मोजली, कपाट चार इंच सरकवावं लागेल. ओटीटीचा प्रीमियम प्लॅन तूर्त नाही, १०८०पी वरच राहणार आणि बघणार.

एकच शंका उरली. आईच्या मालिका. केबलवाल्याकडे तिचे तीन चॅनल एसडीत आहेत, तेच ५५ इंचांवर कसे दिसतील? मोगरा यांनी सासऱ्यांचं लिहिलंय ते वाचून धास्तावलोय.

रीळमास्तर

एसडी म्हणजे ७२०×५७६. अंशाला २८-३० पिक्सेल पडतील, म्हणजे दिसणार. त्यातही सिग्नल आडव्या ओळींच्या दोन अर्ध्या खेपांत येतो, त्या जोडण्याचं काम टीव्हीचं, आणि स्वस्त टीव्ही ते वाईट करतात. दुकानात जाताना एसडी चॅनल लावून बघायचा हट्ट धरा. त्या तीन चॅनलांचे एचडी अवतार असतील तर महिन्याला थोडे पैसे भरून ते घ्या. माझ्या मते या अख्ख्या खरेदीत सर्वांत जास्त फरक या थोड्या पैशांनी पडेल, कारण तो टीव्ही रोज तीन तास आईच बघणार आहेत.

शार्पनेस मात्र शून्याजवळ आणा. लोकांना वाटतं वाढवला की एचडी होतं. माणसांभोवती पांढऱ्या कडा येतात, बाकी काही नाही.

काऊंटरवाला_कोल्हापूर

आणि पिक्चर साइझमध्ये जाऊन 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करा, कंपनीप्रमाणं नाव बदलतंय. ते केलं नाही तर टीव्ही एचडी चित्राच्याही चारी कडा थोड्या कापून उरलेलं ताणून दाखवतोय, मग १०८०चं चित्र १०८०च्या जागी बसत नाही. कोपऱ्यातला चॅनलचा लोगो कडेला फार चिकटलेला दिसला तर समजा कापाकापी चालू आहे.